देवळाबाहेर ठेवलेला फोन

घरातून पहिलाच कॉलेजला जाणारा मी; कुणाबद्दल लिहिणं हा आगाऊपणाच, माफ करा. तेरहून धाराशिवला जाणाऱ्या एसटीत एक ताई रोज भेटत. पुण्यातला नवरा फोनवर त्यांचं लोकेशन बघायचा. त्याला फक्त देऊळ चालायचं. म्हणून फोन गावातल्या देवळाबाहेरच्या फुलवालीकडे ठेवून त्या चोरून नर्सिंग शिकायला जात. बसमध्ये त्यांचा हात सवयीनं सारखा फोन नसलेली पर्स चाचपायचा.

“ताई, लोकेशन बंदच करा की,” मी भीत भीत म्हणालो.

“बंद केलं की इचारतो, का बंद केलं? चालू असलं की म्हणतो, बायको लई देवभोळी हाय.” त्या हसल्या.

मग त्या दिसेनाशा झाल्या. काल फुलवालीनं सांगितलं, नवरा न कळवता आला आणि लोकेशन बघत थेट देवळाशी पोचला. तिथं फोन होता, बायको नव्हती. आता ताईंचं कॉलेज बंद, देऊळसुद्धा.