माग्वालाचा पलंगाखालचा नवरा

माझी शेजारीण माग्वाला आठवडाभर पाळणाघरातल्या मुलांसाठी मक्याची लापशी शिजवते आणि रविवारी डर्बनजवळच्या आमच्या क्वामाशू वस्तीच्या सभागृहात नवरा शोधते. अकरा वर्षं तोच नवरा. नाटकात तो दर प्रयोगाला पलंगाखाली लपतो. ही कमरेवर हात ठेवून समोर बसलेल्या आम्हा बायकांना विचारते, पाहिलंत का त्याला? सगळं सभागृह ओरडतं, पलंगाखाली, मा! ती हमखास कपाट उघडते. मग पडद्यामागे बघते, मग पिंपात. आमचे घसे बसेपर्यंत पलंगाकडे वळत नाही. हे संहितेत कुठंच नाही. तिनं आणि आम्ही मिळून रचलंय.

टीव्हीवाल्यांनी नाटक घेतलं, तिलाही घेतलं. सोबतीला मी गेले. तिनं विचारलं, पाहिलंत का त्याला? कोणी हूं की चूं केलं नाही. चित्रीकरणात बोलायचं नसतं म्हणे. ती उभीच.

"पुढचं वाक्य, मा," दिग्दर्शक तुमेलो म्हणाला.

"अजून कोणी सांगितलं नाही."

"कोणी सांगणार नाही."

"मग मला नवरा सापडणार कसा रे बाबा?"

असं सात वेळा झालं. पलंगाखाली नवरा घोरायला लागला. शेवटी तुमेलोनं हळूच सांगितलं, उद्या जमलं नाही तर जोहान्सबर्गहून दुसरी नटी येईल. इतकी वर्षं घडवलेला नवरा दुसरीला आयता मिळणार होता.

दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली आणि तिथल्या एकेकाला विचारत सुटली, कुणाचा तू, कुठल्या गल्लीतला? दिवेवाल्या सांदिसोची आई सभागृहात आमच्याच रांगेत बसणारी निघाली. चहा होईपर्यंत निम्मे जण तिचे भाचे झाले होते.

कॅमेरा सुरू झाला. तिनं थेट सांदिसोकडे पाहिलं. "आईनं खोटं बोलायला शिकवलं नाही ना तुला? मग सांग, कुठंय तो?"

सांदिसोनं तुमेलोकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "पलंगाखाली, मा."

ती कपाटाकडे गेली. ध्वनीवाल्या मुलीनं तोंडावर हात दाबला, तरी "अहो, पलंगाखाली" निसटलंच. माग्वाला निवांतपणे एकेक कोट बाहेर काढू लागली. तिसऱ्या कोटाला तुमेलोच खुर्चीतून उठला. "कपाटात नाही तो, मा!"

मग स्वतःचाच आवाज ऐकून खाली बसला. जोहान्सबर्गच्या बाईंना येऊ नका म्हणून कळवा, असं त्यानं सांगितलं. प्रसंग मात्र पुन्हा घ्यावा लागेल, म्हणाला.

"घेऊ की," कोट परत टांगत माग्वाला म्हणाली. "पण या वेळी जरा मोठ्यानं ओरड. मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."