तीळ कोणत्या गालावर होता?

बायांनो, मी अजून हादरलेलीच आहो.

आज दुपारी नातीनं मोबाईलवर माह्या लग्नाआधीचा एक सिनेमा लावला. पाह्यते तं काय, हिरोईनचा तीळ उजव्या गालावर! "हा मोबाईल उलटं दाखवते," मी म्हटलं. नात हसतच सुटली.

साठ-बासष्टची गोष्ट. पांढरकवड्याले तंबूतला सिनेमा ये. पडदा मधात, माणसं समोर अन् आम्ही बाया पडद्याच्या मागं. नावं इंग्रजीत येत, ती उलटी की सुलटी हे आम्हाले काय समजे? त्या हिरोईनचं पाहून मी काजळाचा तीळ लावू लागली. डाव्या गालावर! मले पाह्याले पाहुणे आले, तेव्हाही तो होताच.

बुढ्याले विचारलं, "तुम्ही तं समोर बसत होते. तुम्हाले माहीत होतं?"

"साऱ्याच माणसांले माहीत होतं," चहा फुंकत म्हणते कसा, "गावातल्या पोरी चुकीच्या गालावर तीळ लावून फिरत. आम्हाले लय मजा ये."

साठ वर्षं संसार केला या माणसासंग!

तुमच्या घरी आई, आजी असन तं आजच विचारा, तिले पडद्याच्या कोणत्या बाजूनं बसवलं होतं?