पाइपाला खांदा नसतो

"पंचेचाळीस अंश, मास्तर! बघा डोळ्यांनी!"

मॅनेजरसाहेब आगीच्या बंबाचा पाइप धरून मैदानात उभे होते. पाइप आडवा धरला, पाणी जवळच पडलं. उभा धरला, साहेबच भिजले. मधोमध तिरका धरला तेव्हा सगळ्यात लांब गेलं. झालं! गोळाफेकीचं शास्त्र सिद्ध.

मी सोलापुरातल्या त्या मिलचा ड्रिल मास्तर. सगळ्या मिलच्या सामन्यांत यंदा कप आला नाही तर माझी जागा रद्द, हे साहेबांनी गोड हसून आधीच सांगितलं होतं. सगळी भिस्त सिद्रामवर. मैंदर्गीचा गडी, कापसाच्या गाठी उचलणारा. साहेबांनी त्याच्यापुढं दोन खांब रोवले आणि वर दोरी बांधली. गोळा दोरीवरून गेला की कोन पंचेचाळीस!

सिद्रामचा गोळा रोज अलीकडं अलीकडं पडायला लागला.

"मास्तर, हात लई वर जातोय. जोरच लागत न्हाय की!"

माझ्या पोटात गोळा आला. गेलो साहेबांकडं.

"साहेब, पाइप कसाही धरा, पाणी त्याच वेगानं सुटतं. माणूस गोळा जितका वर ढकलेल तितका वेग कमी. शिवाय गोळा सुटतो खांद्यापासून, पडतो जमिनीवर. म्हणून कोन जरा कमीच हवा. पाइपाला खांदा नसतो."

"तुम्ही कॉलेजात कुठं होता?"

"ग्राउंडवर, साहेब."

चर्चा संपली.

साहेब रोज टेप घेऊन येत आणि दोरीची उंची मोजत. सिद्रामपासून खांबांचं अंतर मात्र पहिल्या दिवशी मोजलं ते मोजलं. मग मी दोरी त्याच उंचीवर ठेवली आणि खांब रोज थोडे लांब रोवले. दोरी लांब गेली की गोळा आपोआप कमी कोनात सुटतो. साहेब उंची मोजून "करेक्ट!" म्हणायचे आणि चहाला जायचे.

सामन्यात सिद्रामचा गोळा सगळ्यांच्या पुढं पडला. माझा जीव भांड्यात पडला.

"हा पंचेचाळीस अंशांचा विजय!" साहेब भाषणात गरजले.

सिद्राम कानाशी आला. "मास्तर, सांगू का खरं?"

"गप बस. टाळ्या वाजव."

माझी जागा कायम झाली. तेव्हापासून मी वरिष्ठांना पटवत बसत नाही, खांब सरकवतो. साहेबांचं भाषण ऐकून बाकीच्या मिलवाल्यांनीही पंचेचाळीस अंशांच्या दोऱ्या बांधल्या, अंतरासकट अगदी चोख मोजून. पुढच्या वर्षीही कप आमचाच.