बाबांचा पाय आणि देवाचा कौल

समुद्रावर सकाळचं रापणीचं जाळं ओढून बाबा घरी आले आणि पडवीत टेकताटेकताच ओरडले. डावा पाय सुन्न, पांढराफटक, बर्फातल्या बांगड्यासारखा गार. गावातल्या डॉक्टरांनी घोट्याजवळ नाडी चाचपली, ती लागलीच नाही. "रक्ताची गुठळी अडकली आहे. ताबडतोब गोव्याला न्या, उशीर झाला तर पाय जाईल," त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी गाडी बोलावली.

बाबांचे थोरले भाऊ, देवळाचे मानकरी, दारात आडवे उभे राहिले. आमच्याकडे नवी होडी पाण्यात लोटायची तरी आधी ग्रामदेवाचा कौल घेतात. "कौल घेतल्याबिगर अंगाक सुरी लागाची नाय," काका म्हणाले. पडवीतून बाबा इस्पितळात न्या म्हणून ओरडत होते, "व्हरा माका, व्हरा!"

"मातसो धीर धर रे," काका बाबांकडे वळून म्हणाले. तेव्हा मला त्यांचा गळा धरावासा वाटला. आजही वाटतो. मी गाडीवाल्याच्या हातापाया पडले, पण तो गावचाच. मानकऱ्याचा शब्द मोडून तो चाक हलवीना.

देवळात पूजा व्हायची होती. ती यथासांग झाली. मग गुरवाने पाषाणाला फुलांचे कळे लावले, गाऱ्हाणं घातलं. कळा पडेना. गाऱ्हाण्यात काहीतरी चुकलं म्हणून काकांनी ते पुन्हा घालायला लावलं. ऊन डोक्यावर आल्यावर एकदाचा उजवा कळा पडला, म्हणजे जा. देवही शेवटी डॉक्टरांचंच बोलला.

गोव्याच्या इस्पितळात जांघेत छेद घेऊन रक्तवाहिनी उघडली. बारीक नळी आत सरकवली, तिच्या टोकाचा फुगा गुठळीच्या पलीकडे फुगवला आणि हळूहळू ओढून घेतला. गुठळी निघाली, रक्तही वाहू लागलं. पण पायातलं मांस आधीच मेलं होतं. "सकाळीच आणायला हवं होतं," सर्जन म्हणाले. शेवटी गुडघ्याच्या वर पाय कापावा लागला.

काका अंगारा घेऊन भेटायला आले. खाटेशी उभे राहून अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असे म्हणाले, "देवान कौल दिल्यान म्हणान जीव वाचलो." शेजारच्या पेशंटच्या बायकोने भक्तिभावाने हात जोडले. माझ्या तोंडात शिवी आली होती.

बाबांनी चादर बाजूला सारली.

"दादा, मी व्हरा व्हरा म्हणान बोंबलत होतंय. ता आयकूक तुका कौल कित्याक व्हयो होतो?"