मुनीमजींचा चहा

महाराष्ट्र नुकताच झाला होता. लोणारच्या तळ्यातला खार काढायचा ठेका एका शेटजींकडे होता आणि त्यांचे मुनीमजी आमच्या वस्तीत राहायचे. कोणी गावाचा हिस्सा मागितला, की ते टोपी सारखी करत म्हणायचे, "मजुरी भेटून राह्यली ना बे? अजून काय पाह्यजे?"

एकदा सरकारचे मोठे साहेब ठेक्याच्या चौकशीला आले. मुनीमजींनी त्यांना मुद्दाम वस्तीच्या विहिरीच्या पाण्याचा चहा दिला. साहेबांनी पहिलाच खारट घोट थुंकून टाकला.

"साहेब, तळ्याचा एवढाच हिस्सा या लोकायले भेटते," मुनीमजी शांतपणे म्हणाले.

गावाला गोड्या पाण्याची विहीर मंजूर झाली. शेटजींनी मुनीमजींना कामावरून काढलं.

मी हळहळलो, तर ते हसले. "काऊन बे? आता मीबी गावकरीच झालो. मलेबी हिस्सा भेटला."