मागच्या दाराची जोड

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरी पेडण्याला जाते तेव्हा बहिणीजवळही नाही. मन हलकं करायला सांगते आहे असं मात्र समजू नका. रडायला मी बसलेली नाही. माझे हेही वाचतील — वाचू देत.

कारापूरला आमचं घर, स्लॅबचं, नवीन. घरात हे, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही मांय म्हणायचो. सत्तरी ओलांडली आणि मांयना काही आठवेनासं झालं. स्वतःच्याच घरात बसून म्हणायच्या, "म्हाका घरा वचूंक जाय." घरी जायचंय म्हणत निघायच्या. दोनदा साखळीच्या बाजारातून लोकांनी आणून सोडलं. मग ह्यांनी घराला अलार्म बसवून घेतला. प्रत्येक दाराला, प्रत्येक जनेलाला सेन्सर. चोरांसाठी नाही — आईसाठी.

बसवला शिवाप्पाने. बेळगावकडचा, चाळिशीचा माणूस, बरीच वर्षं साखळीत वायरिंगची कामं करायचा. आम्ही पडवी आत घेऊन मागचं दार पुढे सरकवलं होतं, त्यामुळे तिथली वायर हातभर कमी पडली. ती त्याने वाढवली. मी शिडी धरून उभी. लग्नाआधी मी शाळेत विज्ञान शिकवायचे, मला असलं बघायला आवडतं. त्याने तारा सोलल्या, पिळल्या, सोल्डर मारला, दोन्ही जोडांवर वेगवेगळी टेप गुंडाळली. मी विचारलं म्हणून समजावूनही सांगितलं — दार मिटलेलं असलं की दोन तारांतून वीज फिरत राहते. दार उघडलं की ती तुटते आणि भोंगा वाजतो.

"ह्या दोन तारा मधेच एकमेकींना चिकटल्या, तर अलार्मच्या पेटीला वाटणार दार बंदच आहे," तो म्हणाला. "म्हणून टेप नीट पाहिजे, वहिनी."

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. थांबा, आधी भोंग्याचं ऐका.

मांय दिवसातून दहा-बारा वेळा ते दार उघडायच्या. भोंगा वाजला की कान दाबून खाली बसायच्या, थरथरायच्या. लुगडं ओलं व्हायचं. मी धुवायचे, बदलायचे, आणि तासाभरात पुन्हा तेच. हे दिवसभर खाणीच्या ऑफिसात. संध्याकाळी येऊन विचारायचे, आज किती वेळा वाजला? मी दमले होते का? तसं म्हटलं तर तुम्हाला माझी कीव येईल, आणि ती मला नको. मला राग आला होता. म्हाताऱ्या बाईला तिच्याच दारात चोरासारखं पकडायचं — कशासाठी?

एका सकाळी मी शिडी लावली, टेप सोडली आणि उघड्या झालेल्या त्या दोन तारा तांब्याच्या बारीक तारेने एकमेकींना बांधून टाकल्या. वरून टेप. दार उघडून बघितलं. पेटी गप्प.

त्यानंतर एकोणीस दिवस मांय आपल्या मर्जीने बाहेर गेल्या. घरामागच्या सुपारीच्या कुळागराच्या कडेला, पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायच्या. पडलेल्या सुपाऱ्या वेचून ओटीत भरायच्या. मी स्वयंपाकघरातून लक्ष ठेवायचे. संध्याकाळी ह्यांनी विचारलं की कुठलातरी आकडा सांगायचे. त्या दिवसांत घरी जायचं त्यांनी एकदाही काढलं नाही. हे मी कोणासमोरही मान वर करून सांगेन. ते दार मी आज पुन्हा मोकळं करीन.

विसाव्या दुपारी मला झोप लागली. मांय रस्त्याकडे गेल्या, शेताच्या बांधावरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. सात महिने अंथरुणात काढले आणि गेल्या.

त्या दिवशी ह्यांनी त्यांना इस्पितळात नेलं. कपडे घेऊन येते म्हणून मी मागे राहिले — आणि आधी शिडी लावली. माझी तार काढली, टेप पुन्हा गुंडाळली. मग कपडे भरले. घाबरून नव्हे हं. अगदी शांतपणे.

दुसऱ्या दिवशी हे शिवाप्पाला घेऊन आले. दार उघडलं तर भोंगा वाजला. मग काल का नाही? तुझी जोड कच्ची, हे म्हणाले. तो म्हणाला, जोड सुटली तर भोंगा वाजेल, गप्प नाही बसणार. गप्प बसला म्हणजे तारा चिकटल्या असणार. तो वर चढला. टेप उलट्या बाजूने गुंडाळलेली त्याने बघितली, मला ते खालून दिसलं. त्याला कळलं. तरी त्याने माझं नाव घेतलं नाही.

"म्हणजे टेप तूच नीट लावली नव्हतीस," हे म्हणाले.

"वहिनी शिडी धरून होत्या, साहेब. टेप कशी होती, त्यांना विचारा."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. खरं बोलायची वाट त्याने मला करून दिली होती, आणखी काय करायचं त्याने?

मी म्हटलं, "मला त्या वायरीतलं काय कळतं?"

ह्यांना ते लगेच पटलं. बाईला वायरीतलं काय कळणार! शिवाप्पाने हत्यारं गोळा केली आणि निघून गेला. ह्यांनी साखळीभर सांगितलं — त्याच्या कामामुळे आई अंथरुणाला खिळली. महिन्या-दोन महिन्यांत त्याला कोणी बोलवेनासं झालं. बायको-पोरांना घेऊन तो हरमलला गेला, पर्यटकांच्या खोल्यांची वायरिंग करायला.

तीन वर्षांनी म्हापशाच्या स्टँडवर भेटला. पेडण्याच्या बसमध्ये त्यानेच माझी पिशवी वर चढवून दिली आणि शेजारच्या बाकावर बसला. मांय कधी गेल्या, विचारलं. मी सांगितलं. बसमध्ये आम्ही दोघंच होतो, आणि ती सुटायला अजून दहा मिनिटं होती.

ती दहा मिनिटं मी यंदा काजू कसा आलाय ते बोलत राहिले.