तापवलं की गढूळ

पुष्पलता मेश्रामच्या नळीत त्या दुपारी ढग उतरला. नळी काचेची, दोन्ही तोंडं वितळवून बंद केलेली; आत ॲसिटोनमध्ये विरघळलेलं, आखूड साखळ्यांचं पॉलिस्टायरिन हे प्लास्टिक. थंड असताना द्रावण आरशासारखं नितळ होतं. नळी बुडवलेलं पाणी सत्तर अंशांच्या पुढे तापलं आणि नळीत दूध सांडल्यासारखं झालं. निववलं, पुन्हा नितळ. तापवलं, पुन्हा गढूळ.

तिचे मार्गदर्शक मनोहरराव यांनी नळी उजेडात धरली. "घाण आहे ही. तापवलं की पदार्थ जास्त विरघळतो, कमी नाही. शाळेतली पोरंही सांगतील."

"सर, भरण्याआधी नळी मी चारदा धुतलीय."

"पाचव्यांदा धू. आणि तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत नवं काही दाखवायची घाई का असते?"

'तुम्हा लोकांना' हे शब्द ती घरी येईपर्यंत तिच्या कानात वाजत राहिले. नळी तिने पुन्हा धुतली नाही. पुढच्या आठवड्यात सरांनी तिची प्रयोगशाळेतली जागा दुसऱ्याला दिली. 'नळी अशुद्ध होती' असं लिहिलं तर परत मिळेल, असंही कळवलं. तिने लिहिलं नाही.

विचार करता करता तिला एक गोष्ट सुचली होती. तापलं की ॲसिटोन झपाट्याने फुगतं, विरळ होतं. प्लास्टिकच्या साखळ्यांना धरून ठेवणं त्याला जमत नाही, म्हणून त्या बाहेर पडतात. मग ते फुगूच दिलं नाही तर? बाहेरून दाबून धरलं तर?

तिचे वडील धोंडबा खापरखेड्याच्या वीजकेंद्रात फिटर होते. रविवारी जेवताना तिने त्यांना सगळं सांगितलं.

"बाबा, मले एक लोखंडी भांडं पायजे. बाजूनं काच, अन् वरून दाब देता आला पायजे."

"काहून? सरानं सांगतलं?"

"सरानं नाही म्हनलं, म्हनून."

धोंडबा हात धुऊन उठले. महिनाभरात भंगारातल्या जाड नळीचा तुकडा, बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी, टाकून दिलेली काच आणि पाईपांचे जोड तपासायचा हातपंप यांतून भांडं उभं राहिलं. पहिल्यांदा वर्कशॉपमागे, पोत्यांच्या आडोशाने दाब दिला.

"फुटन का बाबा?"

"फुटली तं फुटली. तू समोर उभी नोको राहू वं. बॉयलरची काच हाय, तुह्या सरापेक्षा जास्त प्रेशर सहन करते."

फुटली नाही.

विभागाच्या बैठकीत दर महिन्याला एकेकाने आपलं काम मांडायचं असे. जागा गेली तरी पुष्पलताची पाळी होतीच; तिने द्रावण भरलेलं ते भांडं टेबलावर ठेवलं. अवजार पाहून मागच्या बाकावर हशा पिकला. तिने भांड्याभोवती गरम पाणी सोडलं. काचेआड द्रावण पांढरं झालं.

"घाणच," मनोहरराव म्हणाले.

तिने पंपाचा दांडा दोन्ही हातांनी खाली रेटला, पुन्हा रेटला. दाबाचा काटा वर चढला. पांढरेपणा विरत गेला आणि काचेपलीकडचा दिवा लख्ख दिसू लागला. पाणी तेवढंच गरम होतं. तिने दाब सोडला. ढग परत उतरला.

"घाण असती, सर, तर माझ्या हाताच्या जोराने गेली नसती."

मनोहरराव उठले. "हे प्लंबरचं काम आहे, रसायनशास्त्र नाही," एवढं म्हणून ते बाहेर पडले. प्रबंधावर सही त्यांनी कधीच केली नाही.

मार्गदर्शक बदलून मिळायला अर्ज, खेटे, टोमणे यांत तिची दोन वर्षं गेली. शेवटी विभागातल्याच प्राध्यापिका शोभाताई देशकर यांनी तिला आपल्याकडे घेतलं. परदेशात असंच कोणी आधीच पाहिलंय, हे त्यांनीच तिला सांगितलं. पुष्पलता म्हणाली, "म्हणजे मी खोटी नव्हते," आणि कामाला लागली.

पदवी मिळाल्यावर ती एका कॉलेजात मुलाखतीला गेली, तर समोर निवड समितीत मनोहरराव.

"तो हट्ट आता सोडला असशील?"

"नाही, सर. भांडं घरीच आहे. म्हणाल तेव्हा घेऊन येते."

ती नोकरी मिळाली नाही. पुढच्या जूनपासून ती उमरेडच्या दुसऱ्या एका कॉलेजात शिकवू लागली.